स्टिरॉइड चालू, फुफ्फुसं सुधारली, मग जिना चढताना आधीपेक्षा जास्त धाप का?

चाफेकळी_डोंबिवली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस फक्त वाचतेय, आज लिहायची वेळ आली.

मला सारकॉइडोसिस आहे. वय ५४. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: छातीतल्या लसिका ग्रंथी सुजतात आणि फुफ्फुसात बारीक बारीक दाहाच्या गाठी होतात. जंतुसंसर्ग नाही, कॅन्सर नाही, कुणाला लागतही नाही. आपल्याकडे छातीत गाठी म्हटलं की पहिला संशय टीबीचा, तसा माझ्यावरही आला. कोरडा खोकला, संध्याकाळची कणकण, वजन उतरलेलं. एका डॉक्टरांनी एक्स-रे बघून टीबीची औषधं सुरूसुद्धा केली. उतार पडेना, तेव्हा दुसऱ्यांनी दुर्बिणीतून (ईबस म्हणतात त्याला) गाठीचा नमुना घेतला. त्यात टीबी नाही निघाला, हे निघालं.

मग प्रेडनिसोलोन (हेच ते स्टिरॉइड) सुरू झालं. रोज ३० मिलिग्रॅमपासून उतरत उतरत आता १५ वर आलेय. खोकला गेला. नव्या एचआरसीटीमध्ये (फुफ्फुसाचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन) गाठी आक्रसल्यात, डॉक्टर खूश, घरचे खूश.

आणि मी तिसऱ्या मजल्यावर राहते, बिनलिफ्टच्या जुन्या बिल्डिंगमध्ये.

माझं कोडं असं. आजार भरात होता, स्टिरॉइड नव्हतं, तेव्हा मी भाजीची पिशवी घेऊन खोकत खोकत का होईना वर जायची. आता पिशवी नसली तरी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठडा धरून उभी राहते. तोंडाने श्वास, छाती भात्यासारखी. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू दार उघडून "पाणी देऊ का गं" विचारतात, ते आणखीनच नको होतं. स्टेशनच्या पुलावर तर मी कडेला थांबते आणि फोन बघितल्यासारखं करते. वाकून केर काढला किंवा सँडलचा पट्टा लावायला गेले की श्वास कोंडतो. पण बसल्यावर काही नाही. उताणी झोपले तरी काही नाही. बोटाला ऑक्सिमीटर लावला की ९७.

आणखी एक, संबंध आहे का कळत नाही. पाटावरून उठताना हात टेकावे लागतात. फळीवरचा डबा काढताना दंड भरून येतात. दुखत नाही, नुसते थकतात.

मुलगा म्हणतो वजन वाढलंय तुझं, म्हणून. (वाढलंय. चेहरा पुरणपोळीएवढा झालाय, आरशाने सांगितलंय, त्याने सांगायची गरज नव्हती.) बहीण म्हणते स्टिरॉइडच सोडून दे. पुढची अपॉइंटमेंट अजून लांब आहे आणि ओपीडीत पाच मिनिटांत 'स्कॅन छान आहे' याच्या पुढे बोलणं जात नाही.

तर ज्यांनी हे भोगलंय त्यांना विचारते: हे स्टिरॉइडमुळे असू शकतं का? आधीच जाऊन दाखवू का? आणि जिना चढता कसा तुम्ही? 'सकारात्मक राहा' एवढं कृपा करून लिहू नका, ते वॉट्सॅपवर रोज येतं.

---

संत्र्याची_फोड (नागपूर)

ताई, पहिले एक सांगा, ते ९७ बसून पाहिलं का चालून?

माझी गोष्ट ऐका. वय ६१, वीज मंडळातून निवृत्त. मले हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस आहे, म्हणजे श्वासातून आत गेलेल्या बुरशी-धुळीच्या अॅलर्जीनं फुफ्फुसं सुजतात. कारण काय, तर आमचा लाडका कूलर. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये कूलरशिवाय माणूस जगतच नाही, आणि त्या ओल्या गवताच्या जाळ्यांत बुरशी धरते हे कोणाच्या डोक्यात येते? वर्षानुवर्षं तीच हवा छातीत घेतली. मुंबई-पुण्याकडे या आजारासाठी कबुतरांचं नाव निघते, २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा गदारोळ झाला ते पाहिलंच तुम्ही. पण फुफ्फुसाच्या अशा आजारांची भारतात १,०८४ रुग्णांची नोंदवही केली होती, २०१७ मध्ये छापली, त्यात जवळपास निम्मे माझ्याच आजाराचे निघाले आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास लोकांच्या घरी एअर कूलर होता. डॉक्टरनं हे सांगितलं तेव्हा बायकोनं त्याच दिवशी कूलर भंगारवाल्याला दिला. मी म्हटलं, अवं, नुसत्या जाळ्या बदलू. ऐकते कोण!

तर मुद्दा असा. स्टिरॉइडवर मलेही धाप लागत होती. बसून ऑक्सिजन ९६-९७, एकदम झकास. फिजिओनं व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं तर ८६. म्हणजे माझी धाप खरी फुफ्फुसाची होती, बसून दिसत नव्हती एवढंच. कोविडमध्ये आपण सगळे घरात चालून आकडा पाहत होतो ना, तसंच करा. बोटाला नेलपॉलिश नको, हात थंड नको. कोणाला तरी सोबत ठेवा. चालताना आकडा चार-पाचानं उतरला किंवा नव्वदच्या खाली गेला, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, लगेच फोन करा.

आकडा जागेवरच राहिला आणि तरी धाप लागली, तर दुखणं दुसरीकडे आहे.

स्टिरॉइडनं शुगर वाढते, ती पाहिली का? सकाळी गोळी घेतली की उपाशीपोटीची शुगर बरेचदा बरीच दिसते, दुपारनंतर चढते. माझी तशीच लपून बसली होती.

---

निसर्गमित्र७१

ताई, स्टिरॉइड म्हणजे सावकाश विष. आजच बंद करा. अडुळसा, ज्येष्ठमध, तुळस यांचा काढा दिवसातून तीन वेळा आणि सकाळी कपालभाती. महिन्यात पळत जिना चढाल. माझ्या मेहुण्याला गुण आला.

---

चाफेकळी_डोंबिवली

@निसर्गमित्र, मेहुण्यांना काय झालं होतं?

---

निसर्गमित्र७१

खोकला.

---

औषधाचे_दुकान (लेस्टर)

मी इथे लेस्टरला फार्मसीत काम करते, मूळची मिरजेची. वरचा सल्ला वाचून राहवलं नाही.

'आजच बंद करा' हे कुणीही, कधीही करू नये. तीन आठवड्यांपेक्षा जास्त स्टिरॉइड चाललं की मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं जवळजवळ सोडून देतात. गोळी अचानक थांबली तर शरीराकडे दोन्ही नसतं. बीपी पडतं, उलट्या होतात, शुगर उतरते, माणूस दवाखान्यात पोचतो. म्हणून तर डॉक्टर पायरीपायरीने उतरवतात, आणि साधारण ५ मिलिग्रॅमच्या आसपास आलं की आणखी सावकाश. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, मोठा ताप असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर लगेच डॉक्टरांना कळवायचं, कारण अशा वेळी डोस कमी नाही, वाढवावा लागतो. इथे २०२० पासून अशा रुग्णांना एक लाल कार्ड देतात, खिशात ठेवायला. तुम्ही साध्या कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा: कोणतं औषध, किती, कधीपासून, अचानक बंद करू नये. पुलावर चक्कर आली तर लोकांना कळायला हवं.

ज्येष्ठमधाबद्दल. घरगुती आहे म्हणून निरुपद्रवी असं नाही. त्यातला घटक शरीरात स्टिरॉइडचा परिणाम वाढवतो, मीठ-पाणी धरून ठेवतो, पोटॅशियम उतरवतो, बीपी चढवतो. पोटॅशियम उतरलं की स्नायू आणखी ढिले. तुमचे दंड आधीच भरून येताहेत. चघळायची काडी असेल, काढा असेल, खोकल्याचं आयुर्वेदिक सिरप असेल, बाटलीवर 'यष्टिमधु' लिहिलंय का ते बघा.

आणि तुमच्या आजाराबद्दल खास एक. स्टिरॉइडबरोबर हाडांसाठी कॅल्शियम आणि डी-३ ची पावडर सगळ्यांना सरसकट देतात. सारकॉइडोसिसच्या गाठी मात्र स्वतःच क्रियाशील व्हिटॅमिन डी बनवतात, त्यामुळे काहींच्या रक्तातलं कॅल्शियम आधीच जास्त असतं. त्यानेही गळून गेल्यासारखं होतं, तहान लागते, पोट साफ होत नाही. तुम्ही पावडर घेत असाल तर डॉक्टरांना एवढंच विचारा: "माझं कॅल्शियम तपासलंय का?"

---

श्वासोच्छ्वास_फिजिओ (पुणे)

चाफेकळीताई, तुम्ही 'संबंध आहे का कळत नाही' म्हणून जे शेवटी टाकलंत, तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पाटावरून उठता न येणं आणि फळीवर हात नेताना दंड थकणं. मी फुफ्फुसाच्या रुग्णांचे व्यायाम घेते. इथे बसून निदान करणार नाही, पण डॉक्टरांना काय सांगायचं ते नक्की सांगते.

स्टिरॉइड मोठे स्नायू झिजवतं: मांड्या, नितंब, खांदे. हे दुखत नाही, म्हणून रुग्ण तक्रार करत नाहीत. स्नायूंची रक्तातली तपासणी (सीपीके) बहुतेक वेळा नॉर्मल येते, म्हणून डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतं. आणि ज्याच्या मांड्या दमल्यात त्याला तोच जिना चढायला जास्त श्वास लागतो. फुफ्फुस ठीक असूनही. भर म्हणून श्वासाचे स्नायूसुद्धा थोडे ढिले पडू शकतात. शिवाय पोटावर चढलेली चरबी: वाकलं की ती छातीखालच्या पडद्याला वर ढकलते, म्हणून केर काढताना श्वास कोंडतो. शिवाय आजारपणात कितीतरी महिने तुम्ही हललाच नाहीत. तेव्हा 'स्कॅन सुधारला पण धाप वाढली' यात विसंगती काहीच नाही. स्कॅनमध्ये मांड्या दिसत नाहीत.

घरी करून बघा. भिंतीला टेकवलेली साधी खुर्ची घ्या, हात छातीवर घडी घालून ठेवा आणि हात न टेकता उठा. जमलं नाही, किंवा झोके घेऊन उठावं लागलं, तर हे डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. जिना चढताना हेही बघा की आधी काय थांबतं, पाय की श्वास. बहुतेक जण चटकन 'श्वास' म्हणतात. नीट लक्ष दिलं तर कितीतरी जण म्हणतात, "अहो, पायच उचलत नव्हते."

पण दुसरी बाजूही लिहिते, कारण हा धागा उद्या दुसरं कुणी वाचेल. धाप अचानक आली, बसल्याजागी लागली, उताणं झोपवेना आणि उशा वाढवाव्या लागल्या, दोन्ही पाय सुजले, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, छातीत धडधड होऊन डोळ्यांसमोर अंधारी आली, तर खुर्ची-बिर्ची काही नाही, सरळ दवाखाना. सारकॉइडोसिस हृदयातही बसू शकतो, त्यामुळे धडधड आणि चक्कर तुमच्या बाबतीत कधीच 'गॅस' समजायची नाही. ईसीजी आणि टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) झालेला नसेल तर विचारा. तापावरही विसंबू नका; स्टिरॉइडवर संसर्ग असूनही ताप नीट चढत नाही. हिमोग्लोबिनही बघायला सांगा, आपल्या बायकांत ते कमी असणं इतकं नेहमीचं आहे की कुणी बघतच नाही.

आता जिना. श्वास रोखून पायरी चढू नका. सगळे नकळत तेच करतात, विशेषतः पिशवी उचलताना. जोर लावायच्या क्षणी श्वास बाहेर. नाकाने आत घ्या, आणि गरम चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून सावकाश बाहेर सोडा. आत घ्यायला एक पायरी, सोडायला दोन. धाप लागल्यावर थांबू नका, लागायच्या आधी थांबा, म्हणजे पहिल्याच वळणावर. तुम्ही दुसऱ्यापर्यंत ताणता, मग सावरायला वेळ लागतो. थांबलात की कठड्यावर दोन्ही हात टेकून थोडं पुढे झुका, खांदे सैल. सोसायटीने हरकत घेतली नाही तर वळणावर एक स्टूल ठेवा. आणि लोकलमध्ये बायका ते छोटं चार्जिंगचं पंखुडं घेऊन बसतात ना, ते घ्या. चेहऱ्यावर, नाकागालांवर वारा लागला की धापेची जाणीव खरोखर कमी होते, आम्ही रुग्णांना मुद्दाम वापरायला लावतो.

कपालभाती आत्ता नको. दमलेल्या माणसाने आणखी जोरात श्वास फेकण्यात काही हशील नाही.

स्नायूंसाठी तीच खुर्ची. हात टेकून उठा-बसा चालेल, सुरुवातीला आसनावर जाड उशी ठेवून उंची वाढवा, जसजसं जमेल तसतशी उशी काढा. उठताना श्वास बाहेर. एका दिवसाआड. रोज सपाटीवर चालणं, बोलता येईल इतक्याच वेगाने. जेवणात डाळ, उसळ, अंडं, ताक. लोणचं-पापड कमी, कारण मिठाने पाणी धरतं. मुलाला सांगा की 'कमी खा' हा अर्धवट सल्ला आहे. प्रथिनं कमी केलीत तर स्नायू आणखी जातील.

आणि हो, आधीच जाऊन दाखवा. हे प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून न्या आणि चिठ्ठीच डॉक्टरांच्या हातात द्या. पाच मिनिटं पुरतात.

---

संत्र्याची_फोड (नागपूर)

फिजिओताई, हे दहा वर्षं आधी लिहिलं असतं तर!

स्टूलवाली गोष्ट बरोबर. आमच्या बिल्डिंगमध्ये मी ठेवला तर आता सगळे म्हातारे तिथंच बसून गप्पा हाणतात, मलेच जागा मिळत नाही.

---

चाफेकळी_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आले, म्हणून लिहितेय.

आधी घरच्या पॅसेजमध्ये चालून पाहिलं, मुलगा मोबाइलवर वेळ लावून उभा. ९७ वरून ९५, त्याच्या खाली गेलं नाही. धाप मात्र व्यवस्थित लागली. मग खुर्ची. हात छातीवर घेऊन मी उठूच शकले नाही. अक्षरशः उठूच शकले नाही! मुलगा बघत होता. त्यानंतर वजनाबद्दल चकार शब्द नाही.

चिठ्ठी नेली. डॉक्टरांनी खरंच वाचली, वर विचारलं की कुणी लिहून दिली. त्यांनीही खुर्चीवरून उठवून पाहिलं, दंड दाबून जोर बघितला. पीएफटी (फुंकून करायची फुफ्फुसाच्या क्षमतेची तपासणी) पुन्हा केली, डीएलसीओसकट (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो ते), आधीपेक्षा चांगली आली. ईसीजी आणि एको ठीक. हिमोग्लोबिन ९.८, त्याचं वेगळं औषध सुरू केलंय. कॅल्शियम वरच्या रेषेला टेकलेलं निघालं, त्यामुळे डी-३ ची पावडर सध्या बंद. लेस्टरच्या ताई, तुम्हाला काय म्हणू!

डॉक्टरांच्या मते धाप मुख्यतः स्नायूंची आणि रक्ताची. स्टिरॉइड लवकर उतरवायचंय, पण आजार उसळायला नको म्हणून जोडीला मेथोट्रेक्झेट (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) दिलंय. आठवड्यातून एकदाच. माझा वार रविवार, दुसऱ्या दिवशी फॉलिक अॅसिड. कंपाउंडरने पाकिटावर मोठ्या अक्षरात 'रोज नाही' लिहून दिलं. मी कॅलेंडरवरही लाल पेनने गोल केलेत, कारण आमच्याकडे गोळ्या भरून ठेवायचं काम सासूबाई करतात आणि त्या भलत्याच उत्साही आहेत.

उशीवरून उठा-बसा सुरू आहेत. पंखुडं घेतलं, गुलाबी. पहिल्या वळणावर थांबते. काकूंना सांगून टाकलं की मी व्यायाम म्हणून थांबते, आता त्या दार उघडत नाहीत, आतून "चालू दे" म्हणतात.

आता एक आगाऊ प्रश्न. आमची कुलदेवता वणीची सप्तशृंगी. पुतण्याचं लग्न झालंय, जोडी घेऊन सगळे गडावर जाणार आहेत. मी जाऊ का? सासूबाईंचं म्हणणं, नवस आहे, पायऱ्यांनीच चढायचं.

---

संत्र्याची_फोड (नागपूर)

अवं ताई, ट्रॉली आहे ना आता गडावर! २०१८ पासून चालू आहे. पाचशेच्या वर पायऱ्या आहेत, तुम्ही काय वेड्या आहात का? ट्रॉलीनं जा, देवी वरच आहे, ती काही पायऱ्या मोजत नाही. सासूबाईंले चढू द्या.

---

औषधाचे_दुकान (लेस्टर)

गोळ्या सामानाच्या बॅगेत नको, हातातल्या पर्समध्ये ठेवा, दोन दिवसांच्या जास्तीच्या घेऊन. आणि तो कागद. मेथोट्रेक्झेट आणि स्टिरॉइड दोन्ही चालू आहेत म्हणजे गर्दीत मास्क लावा. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस झालीय का तेही विचारून घ्या, या दोन्हींत जिवंत जंतू नसलेली लस चालते.

---

श्वासोच्छ्वास_फिजिओ (पुणे)

जा, पण ट्रॉलीने. आणि तिथेही रांगेत उभं राहावं लागतं हे धरून चाला, घडीचं स्टूल न्या. सासूबाईंना वाईट वाटत असेल तर ट्रॉलीतून उतरल्यावरच्या थोड्या पायऱ्या असतील त्या चढा, दोन-दोन करून, फुंकर घालत. उतरताना कठडा धरा. मांड्या कमजोर असल्या की चढताना धाप लागते आणि उतरताना गुडघा मुडपतो, पडण्याची भीती उतरतानाच जास्त. स्टिरॉइडने हाडंही ठिसूळ होतात, विसरू नका.

परत आल्यावर उशी किती पातळ झाली ते लिहा.